पिशवीवरचे नाव

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक पाहुणी आली आणि आल्या आल्या तिने खुर्ची पटकावली. पाहुणी म्हणजे बाई नव्हे, पिशवी!

वसुबारसेच्या संध्याकाळी चिरंजीव, सूनबाई आणि नातू पुण्याहून मोटारीने नगरला पोचले. (कागदोपत्री आमचे गाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण सत्तरी ओलांडलेली जीभ जुन्या वळणानेच जाते, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) बाकीचे सामान ओसरीवर धडाधड पडले. बॅगा पडल्या, फराळाचा डबा पडला, नातवाची बॅट पडली. एक पिशवी मात्र सूनबाईंनी खांद्यावरून अलगद उतरवली, चारी दिशांना पाहिले आणि आमच्या घरातल्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीत नेऊन बसवली. आमचे 'हे' चाळीस वर्षे त्याच खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतात. सवयीने ते मागे न पाहताच बसायला गेले आणि सूनबाई किंचाळल्या, "बाबा, थांबा!"

'हे' अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थांबले. पिशवी खुर्चीत राहिली आणि घरचा कर्ता पुरुष स्टुलावर बसला.

मी पिशवी न्याहाळली. तपकिरी रंगाची, पट्टे पिवळसर चामड्याचे, आणि अंगभर फुले नि दोन इंग्रजी अक्षरे एकमेकांत अडकवून छापलेली. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, जिकडे पाहावे तिकडे तीच अक्षरे. मला आपले वाटले, पोराने वहीच्या पानापानावर नाव लिहावे तसे हे कोणी केले? सूनबाई म्हणाल्या, "आई, ही लुई व्हिताँची आहे."

"कोण हा? तुझ्या ऑफिसातला का?"

नातू हसून लोळला. मग मी, प्रत्येक सासू विचारते तो प्रश्न विचारला, "केवढ्याची?"

सूनबाईंनी नवऱ्याकडे एक निसटता दृष्टिक्षेप टाकला आणि म्हणाल्या, "सेलमध्ये मिळाली. अठ्ठेचाळीस हजाराला."

अठ्ठेचाळीस हजार! या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की मी आकड्यांना भिणारी बाई नाही; एकतीस वर्षे शाळेत पोरांना पाढे शिकवले आहेत. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी भागाकार केला. आमच्या घरी भाजीला जाणारी कापडी पिशवी चारशे वर्षे टिकेल अशा हिशेबाने घेतली, तरी त्या पैशात नगरच्या अर्ध्या सावेडीला पिशव्या वाटता आल्या असत्या.

आता खरे सांगायचे तर नाव छापलेल्या पिशवीचे वेड आम्हां नगरकर बायकांना नवे नाही. आमच्या तरुणपणी कापड बाजारातल्या मोठ्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधला, की जाताना जाड कापडाची एक पिशवी मिळे. तिच्यावर दुकानाचे नाव ठसठशीत लाल अक्षरांत. ती पिशवी घरात आली की तिची बढती होई. ती बाजाराला जात नसे. हळदीकुंकवाला, बारशाला, एस.टी.ने माहेरी जायला निघे. चारचौघी आधी पिशवीकडे बघत, मग पिशवीवालीकडे. आणि नकली माल तेव्हाही होता बरे का! गंज बाजारातल्या साध्या दुकानातून साडी घ्यायची आणि आहेर करताना ती मोठ्या दुकानाच्या जपून ठेवलेल्या पिशवीत घालून द्यायची, हा उद्योग आमच्या गल्लीत घरोघर चाले. हल्ली ज्याला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात तिचा शोध काही आजचा नव्हे. फरक इतकाच, की आमची नावाची पिशवी फुकट मिळे.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी करंज्या भरत होते आणि नातू मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसला होता. म्हटले, "बघ रे, तुझ्या आईच्या त्या लुईची काही माहिती मिळते का." पोराने घडाघडा वाचायला सुरुवात केली.

हा लुई व्हिताँ पेटारे बनवणारा कारागीर. १८५४ साली त्याने पॅरिसमध्ये आपले दुकान काढले. त्या काळच्या ट्रंकांची झाकणे घुमटासारखी असत, त्यामुळे एकीवर एक रचता येत नसत. याने झाकण सपाट केले. आगगाडीच्या आणि आगबोटीच्या त्या दिवसांत ही सोय लोकांना इतकी पसंत पडली, की जो तो त्याची नक्कल करू लागला. म्हणून १८९६ साली त्याच्या मुलाने, जॉर्जने, वडिलांची आद्याक्षरे आणि फुले गुंफून एक नक्षी तयार केली आणि ती मालावर सर्वत्र छापली, हेतू हा की चोराला चोरी करणे जड जावे. आणि आज पाहावे तर जगात सर्वांत जास्त नक्कल होणाऱ्या नक्षींमध्ये तीच! कुलूपच चोरीला जावे, तशी गत.

पुढे पोराने आणखी एक बातमी दिली. ही फुलाफुलांची पिशवी चामड्याची नाहीच. पट्टे चामड्याचे, अंग मात्र सुती कॅनव्हासचे, वर लेप दिलेला. म्हणजे काय? म्हणजे, नाव छापलेली कापडी पिशवी! माझ्या हातातली करंजी फुटायची राहिली. कापड बाजार आणि पॅरिस यांच्यात तत्त्वतः काहीच अंतर उरले नाही म्हणायचे.

"आणि आजी, हे लोक स्वतःच्याच दुकानातून विकतात. आणि ह्यांचा सेल कधीच नसतो!"

"काय नसतो?"

"सेल. किंमत कमी केली की नावाची किंमत कमी होते, म्हणून कधीच नाही करत."

मी करंजीची कड मुरडत राहिले. पोराच्या लक्षात काही आले नाही, पण माझ्या आले. सेल नसतो. मग अठ्ठेचाळीस हजार हा आकडाही नसतो.

सूनबाई खोटे बोलल्या होत्या. आणि ते खोटे मी ओळखले, ते काही मोबाइलमुळे नव्हे. ते सांगतानाचा त्यांचा तो नवऱ्याकडे टाकलेला निसटता दृष्टिक्षेप मी पूर्वी पाहिला होता. आरशात पाहिला होता.

गोष्ट १९७८ सालची. लग्न होऊन वर्ष झाले होते. घर नालेगावात, शाळा भिंगारला. एक तारखेला पगार झाला, की पाकीट न उघडता मामंजींच्या हाती द्यायचे, ही आमच्या घरची रीत. मामंजी काही दुष्ट नव्हते. ते पाकीट देवापुढे ठेवीत, मग मोजीत, वहीत लिहीत आणि त्यातले टांग्याचे पैसे मला परत देत. शेजारीपाजारी सांगत, "आमची सून नोकरी करते, पण पै न् पै घरात देते." हे कौतुक ऐकून मलाही तेव्हा अभिमान वाटे, हेही लपवत नाही.

माझी कापडी पिशवी फाटली. मामंजींनी आपण होऊन दहा रुपये काढून दिले, "एखादी बरीशी पर्स घ्या, शिक्षिका आहात." कापड बाजाराच्या तोंडाशी एका दुकानात मी एक पर्स पाहून ठेवली होती. काळी, चामड्याची, वर पितळी खटका. तो खटका लावला की 'टक्' असा आवाज होई. आत दोन कप्पे आणि दुसऱ्या कप्प्याच्या आत एक लहानसा चोरकप्पा. किंमत बावीस रुपये.

टांग्याला जाऊन-येऊन पन्नास पैसे पडत. सव्वीस दिवस मी भिंगारला पायी गेले आणि पायी आले. तेरा रुपये जमले. दहातले नऊ त्यात घातले आणि पर्स घेतली. घरी मामंजींनी विचारले, "केवढ्याला पडली?" मी 'ह्यां'च्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "नऊ." नुसते म्हणाले नाही; उरलेला एक रुपया मामंजींच्या हातावर ठेवला! खोटे पक्के करायला तो रुपया पुरला. "स्वस्त मिळाली," मामंजी म्हणाले, आणि वहीत नऊ लिहिले.

त्या पर्समध्ये ठेवायला माझ्याजवळ काय होते? हातरुमाल, खडूचा तुकडा, एक पोस्टकार्ड. चोरकप्प्यात तर काहीच नव्हते. पण दुपारच्या सुट्टीत मी तो खटका उघडी आणि मिटवी. टक्. टक्. घरातली कपाटे, ट्रंका, डबे, फडताळे सगळी सर्वांची होती. कुणीही उघडे. ही एवढी वीतभर जागा अशी होती, की जी माझ्यावाचून कुणी उघडत नव्हते. बावीस रुपये मी चामड्याचे दिले नाहीत. त्या 'टक्'चे दिले.

पुष्कळ वर्षांनी मला कळले, की यात मी एकटी नव्हते. आमच्या आजीच्या पिढीला पर्स नव्हती, कनवट होती. पैसा लुगड्याच्या काठात बांधून कमरेला खोचायचा, वाण ओच्यात घ्यायचे, सुपारी चंचीत ठेवायची. तिकडे युरोपातही अठराव्या शतकापर्यंत बायका झग्याच्या आत कमरेला बांधायचे खिसे वापरीत. शतक संपता संपता अंगालगतच्या, निमुळत्या झग्यांची चाल आली, आत खिशाला जागा उरली नाही आणि खिसा दोरी लावून हातात आला. तीच आजच्या हँडबॅगेची पणजी. १९५५ साली पॅरिसच्या शानेल बाईंनी पर्सला साखळी लावून ती खांद्यावर चढवली आणि बाईचे दोन्ही हात मोकळे केले. त्या पर्सच्या झाकणाच्या आत एक चोरकप्पा आहे. प्रेमपत्रे ठेवायला तो केला, असे सांगतात. पत्रे असोत वा नसोत, कप्पा होता हे महत्त्वाचे. पॅरिसच्या बाईला आणि नालेगावच्या मास्तरणीला हवी असलेली वस्तू एकच निघाली!

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? आमच्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंकडे पाहावे. होळकरांच्या राज्यात 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी. १७३४ साली पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीचे उत्पन्न लागले. सासूमागून ते सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आले. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट बांधले, देवळे उभारली, अन्नछत्रे घातली, त्यांत या खासगीचा पैसा होता. राज्याच्या तिजोरीचा हिशेब निराळा, बाईच्या पिशवीचा हिशेब निराळा. आणि ती पिशवी सासूकडून सुनेकडे जाते! शाळेत मी अहिल्याबाईंचा धडा किती वेळा शिकवला असेल. त्यांचा न्याय सांगितला, दानधर्म सांगितला. पण हे दान त्यांनी स्वतःच्या पैशातून केले, कुणाला किंमत कमी करून सांगावी लागली नाही, हे काही मी पोरींना सांगितले नाही. सांगायला हवे होते.

कायद्याची गोष्ट म्हणाल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेची ती पूर्ण मालक ठरली. म्हणजे मी नऊ रुपये म्हणाले तेव्हा त्या कायद्याला बावीस वर्षे झाली होती. रुपये बावीस आणि वर्षेही बावीस! पण कायदा दिल्लीत होतो आणि वही मामंजींच्या हातात असते.

असो. नरकचतुर्दशीच्या दुपारी पुरुषमंडळी झोपली होती. सूनबाई आणि मी ओट्याशी चकल्या तळत होतो. मी हळूच म्हटले, "सूनबाई, त्या लुईचा सेल नसतो म्हणे."

झारा थांबला. मग त्या म्हणाल्या, "पावणेदोन लाख, आई." आणि भराभर पुढे, "बोनसमधून घेतली. हप्ते वेळेवर जातात, घराचा अर्धा हप्ता माझा असतो, कुणाचं काही अडलेलं नाही."

"मी कुठे म्हटलं अडलंय म्हणून? पण एवढे पैसे नावाला द्यायचे?"

त्यावर त्या जे बोलल्या ते मी अजून विसरले नाही. म्हणाल्या, "आई, मीटिंगला दहा जण असतात. मी बोलले तर कुणी वर पाहत नाही. तेच शेजारचा बोलला की लिहून घेतात. ही टेबलावर ठेवली, की एकदा तरी मान वर होते. माझं नाव दोनदा सांगावं लागतं. हिचं सांगावं लागत नाही."

"पण ते नाव लुईचं. तुझं कुठे?"

"आणि तुमच्या भांड्यांवर कुणाची नावं आहेत?" सूनबाईंनी मांडणीकडे बोट दाखवले.

मी मुकाट्याने मांडणीकडे पाहिले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत. पातेल्यावर मामंजींचे नाव, परातीवर नणंदेच्या लग्नाची तारीख, तांब्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ. साठ-सत्तर भांड्यांत माझे नाव आहे, पण 'सौ.'च्या मागे आणि 'ह्यां'च्या नावापुढे, आणि तेही कुणीतरी दिलेल्या भांड्यावर. मी स्वतः घेऊन, स्वतःचे नाव घातलेले भांडे एकही नाही.

"अजून एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलाने मागच्या वर्षी सायकल घेतली. ती काय गवळ्याची सायकल नाही. तिची किंमत तुम्ही कधी विचारलीत?"

नव्हती विचारली. चकली तेलात करपली, तरी मला उत्तर सुचले नाही. सायकलीवर बसलेला मुलगा पाहून मी म्हटले होते, "व्यायाम करतो, चांगलं आहे." पिशवी पाहून मात्र म्हटले होते, "केवढ्याची?" म्हणजे मामंजी गेले, त्यांची वही गेली, पण प्रश्न मी सांभाळून ठेवला होता.

मग मी तिला बावीस रुपयांची गोष्ट सांगितली. ट्रंकेतून ती पर्स काढून आणली. चामडे तडकले आहे, अस्तर विरले आहे. तिने खटका लावला. टक्! आम्ही दोघी हसलो. डोळ्यांना पाणी आले ते चकलीच्या धुराने आले असे आपण समजू. मी एवढेच म्हटले, "किंमत महाग आहे, हे माझं मत मी बदलत नाही. पण खोटं सांगू नकोस. माझं नऊ रुपयांचं खोटं मामंजी गेले तेव्हाही वहीत तसंच होतं. पर्स वापरताना दर वेळी मला ते पायी चाललेले दिवस आठवण्याऐवजी तो परत दिलेला रुपया आठवे."

या नावाच्या प्रकरणाचा मी दिवाळीनंतर बराच नाद केला. दोन गोष्टी सापडल्या, त्या वाचकांपुढे ठेवते.

पहिली अशी. पॅरिसच्या एर्मेस कंपनीची 'बर्किन' नावाची पर्स जगात फार मोलाची मानतात. जेन बर्किन या नटीला विमानात आपल्या टोपलीतले सामान सांडले म्हणून शेजारी बसलेल्या कंपनीच्या प्रमुखाने तिच्यासाठी पिशवी काढली. १९८४ ची ही गोष्ट. ती पहिली पिशवी जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात निघाली आणि ८६ लाख युरोंना, म्हणजे आपल्या सुमारे ८६ कोटी रुपयांना गेली! आणि ती पिशवी कशी? वापरून झिजलेली, चिकटवलेल्या कागदांचे डाग पडलेली, आणि तिला नखे कापायचे नेलकटर लटकवलेले. तिच्यावर जे. बी. अशी अक्षरे आहेत. ती कंपनीची नव्हेत, बाईची! तात्पर्य काय, की सर्वांत मोलाची ठरली ती वापरणारीचे नाव असलेली पिशवी.

दुसरी गोष्ट घराजवळची. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान शहरातल्या आपल्या प्रदर्शनात जी वहाण दाखवली, ती थेट कोल्हापुरीसारखी. कोल्हापूरचे नाव मात्र कुठे नव्हते. आपल्याकडे बोभाटा झाला, तेव्हा कंपनीने मूळ मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: दोन हजार जोड इथल्या कारागिरांच्या मदतीने करायचे, जोडीला सुमारे ८०० युरो. तीच वहाण आपल्याकडे रस्त्याकडेला घेताना आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. ज्या हातांनी ती शिवली त्या हातांच्या जातीचे नाव तर आपण पिढ्यान्‌पिढ्या शिवीसारखे वापरले. मुंबईत सुधीर राजभर या कलावंताने तेच नाव उचलून 'चमार स्टुडिओ' काढला. २०१५ च्या गोवंशहत्याबंदीच्या कायद्यानंतर धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचे काम आटले. त्यांना हाताशी धरून टाकाऊ रबराच्या पिशव्या करायला घेतल्या. शिवीचे नाव पिशवीवर अभिमानाने छापले! लुईच्या मुलाने बापाचे नाव चोरांपासून राखायला छापले; या मंडळींनी आपले नाव आपल्याच लोकांच्या जिभेपासून सोडवायला छापले. मला विचाराल, तर दुसऱ्या छापाला धाडस अधिक लागते.

आता पाडव्याची गोष्ट सांगून संपवते. संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी काढली. चिरंजीव टोपी घालून बसले. सूनबाईंनी तबक हाती घेतले आणि ओवाळण्यापूर्वी म्हणाल्या, "आधी एक सांगायचंय. ती बॅग अठ्ठेचाळीस हजारांची नाही. पावणेदोन लाखांची आहे."

चिरंजीव गप्प. मग म्हणाले, "खोटं कशाला सांगितलंस? मी काही बोललो असतो का?"

कुणीच काही बोलले नाही. निरांजनाची वात तेवढी फडफडली. त्या न बोलण्यातच उत्तर होते, आणि ते त्याला समजले असावे, कारण त्याने टोपी काढून पुन्हा घातली. लहानपणापासून चूक समजली की तो असेच काहीतरी करतो.

मग मी, इतक्या उशिरा का होईना, विचारले, "आणि सायकल रे? केवढ्याची?"

"ब्याण्णव हजार." तो सहज बोलून गेला. तो आकडा सांगताना त्याला आवाज खाली आणावा लागला नाही, कुणाकडे बघावे लागले नाही. फरक होता तो इतकाच आणि एवढा.

इतक्यात खुर्चीतून वर्तमानपत्रामागून आवाज आला, "बावीस."

"काय बावीस?" मी विचारले.

"तुझी पर्स. बावीसची होती. दुसऱ्याच दिवशी दुकानात विचारून आलो होतो." 'ह्यां'नी पान उलटले. "तू नऊ म्हणालीस, म्हटलं, असू दे नऊ."

सत्तेचाळीस वर्षे हा माणूस माझे खोटे खिशात घालून बसला होता! क्षणभर मला भरून आले. पण मग म्हटले, "आणि तेरा रुपये आले कुठून, हे नाही विचारलंत?"

वर्तमानपत्र खाली आले. ते त्यांना माहीत नव्हते. सव्वीस दिवस भिंगारपर्यंतची माझी पायपीट मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. किंमत त्यांना ठाऊक होती. मोल ठाऊक नव्हते.

हे सारे छापायला मी सूनबाईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "छापा, फक्त बॅग सुंदर आहे हेही लिहा." तर लिहिते: बॅग सुंदर आहे. पावणेदोन लाखांची नाही. पण सुंदर आहे. या एका मुद्द्यावर आमच्या घरात मतभेद कायम आहे आणि तो आम्ही मोठ्या आवाजात, उघडपणे चालवतो.

परवा सूनबाईंचा फोन आला. "आई, यंदा दिवाळीला एक नवी पर्स घेतली."

मी काही विचारले नाही. जिभेच्या टोकावर आले होते, गिळले.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी आपण होऊन किंमत सांगितली, खरी. ती मात्र इथे देत नाही. ती त्यांची खासगी आहे.